लोककथांची जुनी वेबसाइट बंद पडली किंवा अक्षरं बिघडली, तर काय आणि कोणत्या क्रमाने तपासायचं

साधारण २००० ते २०१० या काळात मराठीत गडकिल्ले, ग्रामदैवतं, जत्रा, वीरगळ, वेताळ, सात आसरा, कोकणातले राखणदार आणि देवचार यांच्यावर हौसेने उभ्या केलेल्या पुष्कळ वेबसाइट होत्या. कुणी सुट्टीच्या दिवशी गावोगाव फिरून म्हाताऱ्या माणसांकडून ऐकलेलं रात्री बसून टाइप केलेलं असायचं. चालवणारा माणूस पुढे नोकरी-संसारात अडकतो, परदेशी जातो किंवा वारतो, आणि साइट हळूहळू मोडत जाते. मग कधीतरी मुलगी, पुतण्या किंवा ट्रेकिंग ग्रुपमधला कुणी म्हणतो, हे पुन्हा सुरू करायला हवं. अशा साइट माझ्याकडे सतत येतात. प्रत्येकाला वाटतं आपलं प्रकरण वेगळं आहे, पण दुखणी ठरलेलीच असतात.

वेबसाइटचं रूप पुन्हा करता येतं. मेनू, रंग, फोटोंची मांडणी, सगळं नव्याने होतं. पण ज्या आजीने गोष्ट सांगितली ती आता नसेल, तर तिच्या शब्दांतली ती गोष्ट फक्त या साइटवर असते. म्हणून खालचा क्रम खर्चाच्या आणि सोपेपणाच्या हिशेबाने लावला आहेच, शिवाय मजकुराला धक्का लागू नये या हिशेबानेही लावला आहे. क्रम मोडू नका.

लक्षणं

आधी नेमकं काय दिसतंय ते कागदावर लिहून काढा. “साइट चालत नाही” एवढ्यावरून काहीच कळत नाही.

- पत्ता टाकला की ब्राउझर म्हणतो, असा सर्व्हर सापडत नाही. किंवा तुमच्या साइटऐवजी जाहिरातींचं नाहीतर “हे नाव विक्रीला आहे” असं पान येतं. दुखणं डोमेनचं, म्हणजे साइटच्या नावाचं.
- पान उघडतं, पण कोरं पांढरं. दुखणं बहुधा होस्टिंगवरच्या (साइटच्या फायली ठेवायच्या भाड्याच्या जागेवरच्या) पीएचपीचं, म्हणजे पानं तयार करणाऱ्या संगणकभाषेचं.
- “ही साइट सुरक्षित नाही” असा इशारा येतो. प्रमाणपत्राचं दुखणं, यात सगळ्यात कमी त्रास.
- शोधयंत्रात साइटच्या नावाखाली औषधं, जुगार किंवा जपानी अक्षरं दिसतात. साइटमध्ये कुणीतरी घुसलंय.
- नकाशा राखाडी, ओव्यांची किंवा पोवाड्यांची ध्वनिमुद्रणं वाजत नाहीत.
- अक्षरं बिघडलेली. याचे पाच प्रकार आहेत आणि पाचांची औषधं वेगळी आहेत. त्यांच्याकडे सविस्तर येतो.

आधी प्रत काढा, मग हात लावा

हे फुकट आहे आणि तरीही बहुतेक जण नेमकं हेच टाळतात. होस्टिंगच्या नियंत्रण पॅनलमध्ये शिरता येत असेल, तर सगळ्या फायली आणि डेटाबेसची निर्यात उतरवून घ्या. दोन प्रती करा, एक स्वतःच्या संगणकावर आणि एक दुसरीकडे. मूळ प्रतीच्या फोल्डरवर “याला हात लावू नये” असं लिहून ठेवा आणि सगळे प्रयोग तिसऱ्या प्रतीवर करा.

पॅनलमध्ये शिरल्याबरोबर “नवी आवृत्ती उपलब्ध आहे” असं एखादं बटण तुम्हाला खुणावेल. ते दाबू नका. वर्षानुवर्षं जुन्या आवृत्तीवर झोपलेली साइट एका फटक्यात नव्या आवृत्तीवर नेली की थीम, प्लगइन आणि डेटाबेस एकमेकांना ओळखेनासे होतात. अक्षरांचा बिघाड डेटाबेसमध्ये कायमचा लिहिला जाण्याची भीतीही तिथेच असते.

मूळ चालवणाऱ्याच्या घरी जुन्या सीडी किंवा हार्ड डिस्क असतील तर त्या शोधा. सीडी एका ड्राइव्हमध्ये वाचली गेली नाही तर दुसऱ्या ड्राइव्हमध्ये लावून बघा, बऱ्याचदा काम होतं. हार्ड डिस्क मात्र टकटक आवाज करत असेल तर ताबडतोब बंद करा आणि पुन्हा लावू नका. ते काम डेटा परत मिळवून देणाऱ्या तज्ज्ञाचं आहे. आतली चकती खरवडली गेली की त्यालाही काही करता येत नाही.

डोमेन कुणाच्या नावावर आहे?

साइट अजिबात उघडत नसेल तर हूइज या सार्वजनिक नोंदीत डोमेनची मुदत कधी संपली ते बघा. २०१८ पासून मालकाचं नाव बहुतेक वेळा झाकलेलं असतं, पण तारीख आणि रजिस्ट्रारचं, म्हणजे डोमेन नोंदवून देणाऱ्या कंपनीचं, नाव दिसतं.

मुदत संपली म्हणजे नाव लगेच गेलं असं नाही. डॉट कॉमसारख्या नावांना मुदतीनंतर आधी काही दिवसांची सवलत असते. ती किती द्यायची हे रजिस्ट्रार ठरवतो, जास्तीत जास्त ४५ दिवस. त्यानंतर ३० दिवस असे असतात की जुना मालक जादा दंड भरून नाव परत घेऊ शकतो. मग ५ दिवस नाव अडकून पडतं आणि शेवटी सगळ्यांसाठी खुलं होतं. तुम्ही यांतल्या कोणत्या पायरीवर आहात ते आधी कळायला हवं, कारण दंडाच्या मुदतीत रोजचा दिवस मोलाचा असतो.

आठवणीचे ईमेल रजिस्ट्रारला पाठवावेच लागतात. ते जातातही, पण २००३ साली दिलेल्या आणि आता बंद पडलेल्या पत्त्यावर. म्हणून नूतनीकरण झालं की पहिलं काम संपर्काचा ईमेल बदलणं. शक्य असेल तर दोन माणसांच्या हाती तो पासवर्ड ठेवा.

मालक हयात नसेल तर रजिस्ट्रारकडे मृत्यूचा दाखला आणि वारसाचा पुरावा देऊन अर्ज करता येतो. वेळ लागतो, पण मार्ग सरळ आहे. नाव तिऱ्हाइताने उचललं असेल आणि तो अवाच्या सवा पैसे मागत असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: देऊ नका. दुसरं नाव घ्या आणि तो पैसा मजकूर वाचवायला वापरा. नाव संस्थेचं नोंदणीकृत व्यापारचिन्ह (ट्रेडमार्क) असेल आणि ते परत हवंच असेल, तर तो वकिलाचा विषय आहे.

कुठेतरी प्रत उरली आहे का?

होस्टिंगही गेलं, सीडीही नाही, तरी धीर सोडू नका. इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर जुना पत्ता टाका. तिथे १९९६ पासूनच्या प्रती आहेत. वर्षाचा पट्टा दिसेल. त्यातली सगळ्यात अलीकडची प्रत उघडण्याचा मोह होईल, पण ती बऱ्याचदा मुदत संपल्यानंतरचं जाहिरातींचं पान असते. दोन-तीन वर्षं मागे जा. एका तारखेला मुखपृष्ठ सापडेल आणि आतली पानं दुसऱ्याच तारखांना सापडतील, तेव्हा प्रत्येक पान वेगळं शोधावं लागतं.

एक उपयोगी युक्ती आहे. तिथल्या पत्त्यात तारखेचा लांबलचक आकडा असतो. त्या आकड्याच्या लगेच पुढे इंग्रजीत “आयडी” ही दोन लहान अक्षरं आणि एक अंडरस्कोर जोडलं की आर्काइव्हने वर लावलेली पट्टी आणि बदललेल्या लिंक निघून जातात आणि पान जसं मूळ होतं तसं मिळतं. अक्षरांचा बिघाड तपासताना हे मूळ रूपच लागतं.

जिओसिटीजवर ज्यांची पानं होती त्यांनीही बघावं. ती सेवा ऑक्टोबर २००९ मध्ये बंद झाली, पण बंद होण्याआधी स्वयंसेवकांनी त्यातला मोठा भाग उतरवून ठेवला होता.

कोरं पान आणि सुरक्षिततेचा इशारा

कोरं पान म्हणजे सगळं गेलं असं समजून लोक घाबरतात. बहुतेक वेळा सगळं जागेवर असतं. जुन्या साइट डेटाबेसशी ज्या आज्ञांनी बोलत, त्या पीएचपीच्या ७.० आवृत्तीतून काढून टाकल्या गेल्या. ती आवृत्ती डिसेंबर २०१५ मध्ये आली. होस्टिंगवाल्याने आपल्या सोयीने पीएचपी वर नेलं की त्या साइट एका रात्रीत पांढऱ्या पडतात. पॅनलमध्ये त्रुटींची नोंदवही असते, तिची शेवटची ओळ वाचा. तिथे “अशी आज्ञा अस्तित्वात नाही” अशा अर्थाचं वाक्य असेल तर निदान पक्कं.

पॅनलमध्ये पीएचपीची आवृत्ती मागे नेता येत असेल तर न्या, साइट दिसली की लगेच मजकुराची पूर्ण निर्यात करा आणि पुन्हा बंद करा. ५.६ ही त्या पिढीतली शेवटची आवृत्ती. तिच्या सुरक्षेच्या दुरुस्त्या २०१८ अखेर थांबल्या. त्यावर साइट चालू ठेवणं म्हणजे घुसखोरांना आमंत्रण आहे, मजकूर काढून घेण्यापुरतीच ती वापरा.

सुरक्षिततेच्या इशाऱ्याबद्दल फार बोलण्यासारखं नाही. लेट्स एन्क्रिप्टचं प्रमाणपत्र फुकट मिळतं आणि बहुतेक होस्टिंगवर एका बटणाने लागतं. त्याची मुदत थोडक्या दिवसांची असते, तेव्हा आपोआप नूतनीकरण सुरू आहे ना एवढं बघा. त्यानंतरही कुलूप तुटकं दिसलं तर पानातल्या चित्रांचे पत्ते जुन्या पद्धतीने (https ऐवजी http ने) लिहिलेले आहेत, ते बदला.

अक्षरं: खरी दुरुस्ती इथे आहे

मराठी साइटचं घोडं इथेच पेंड खातं, आणि चुकीच्या औषधाने सर्वात जास्त नुकसानही इथेच होतं. आधी प्रकार ओळखा.

*मोकळे चौकोन.* मजकूर शाबूत आहे, फक्त बघणाऱ्याच्या यंत्रावर फॉन्ट नाही. दुसऱ्या फोनवर उघडून बघा. काळजी नको.

*इंग्रजी अक्षरं, कंस, टिंबं यांची खिचडी.* मजकूर युनिकोडपूर्व (युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला ठरलेला क्रमांक देणारी आजची पद्धत) फॉन्टमध्ये आहे: श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव, योगेश यांपैकी कुठलातरी. या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी अक्षराचं चित्र बसवलेलं असे. त्या काळी साइटबरोबर फॉन्टची फाइल पाठवायची सोय मुख्यतः इंटरनेट एक्सप्लोररमध्ये चालायची. तो ब्राउझर जून २०२२ मध्ये निवृत्त झाला. मजकूर गेलेला नाही, फक्त त्याचं रूपांतर करावं लागेल.

*डोक्यावर तिरकी रेघ असलेलं इंग्रजी “ए” आणि त्यामागे विचित्र चिन्हं, पुन्हा पुन्हा तेच.* हा मजकूर युनिकोडच आहे, पण डेटाबेस त्याला लॅटिन समजतोय. देवनागरीचं प्रत्येक अक्षर यूटीएफ-८ या युनिकोड साठवायच्या पद्धतीत तीन बाइटचं असतं. पहिला बाइट कायम तोच, म्हणून ते “ए” पुन्हा पुन्हा दिसतं. दुसरा दोनांपैकी एक: व्यंजनं, काना, ऱ्हस्व वेलांटी आणि अनुस्वार असेल तर चार टोकांचा छोटा गोल, आणि दीर्घ वेलांटी, उकार, मात्रा किंवा हलन्त असेल तर जपानी येनचं चिन्ह. ही जोडी दिसली की हायसं वाटू द्या, कारण प्रत्येक बाइट जागेवर आहे.

*सलग प्रश्नचिन्हं.* हे वाईट. डेटाबेसने न ओळखलेल्या अक्षरांच्या जागी खरोखरच प्रश्नचिन्हं लिहून ठेवली आहेत. कोणतंही रूपांतर त्यातून मजकूर परत आणू शकत नाही. जुनी निर्यात किंवा आर्काइव्हची प्रत हाच मार्ग. म्हणूनच सुरुवातीला प्रत काढायला सांगितलं.

*टिंबटिंबांच्या गोलावर लटकलेल्या मात्रा.* आधी कुणीतरी रूपांतर केलं आहे आणि ते अर्धवट झालं आहे.

तिसऱ्या प्रकारावर उपाय असा. मायएसक्यूएल या डेटाबेस-प्रणालीत ८.० आवृत्ती येईपर्यंत, म्हणजे २०१८ पर्यंत, काही न सांगता बनवलेला डेटाबेस लॅटिन-१ (पश्चिम युरोपीय अक्षरांचा जुना संच) मानला जाई. निर्यात करताना अक्षरसंच मुद्दाम लॅटिन-१ सांगा, म्हणजे बाइट जसेच्या तसे बाहेर येतात. निर्यात केलेल्या फाइलमध्ये जिथे जिथे लॅटिन-१ चं नाव आहे तिथे यूटीएफ८एमबी४ (मायएसक्यूएलमधल्या पूर्ण यूटीएफ-८ चं नाव) लिहा आणि नव्या, रिकाम्या डेटाबेसमध्ये आयात करा. चालू डेटाबेसच्या स्तंभाचा प्रकार थेट बदलू नका. तसं केलं तर डेटाबेस ती चुकीची चिन्हंच खरी मानून पुन्हा रूपांतरित करतो आणि बिघाड दुहेरी होतो. फाइल आयात करण्याआधी साध्या संपादकात उघडा. देवनागरी नीट वाचता आली तर पुढे जा, नाही तर थांबा.

दुसऱ्या प्रकाराला वेळ लागतो. एकाच फॉन्ट-घराण्याच्या अनेक मांडण्या होत्या, त्यामुळे “श्रीलिपी ते युनिकोड” असं कोणतंही साधन उचललं तर निम्मं बरोबर आणि निम्मं भलतंच निघतं. पानाच्या मूळ कोडमध्ये फॉन्टचं पूर्ण नाव, आकड्यासकट, लिहिलेलं असतं. ते टिपून त्याच मांडणीचं साधन शोधा. आधी एकच पान रूपांतरित करा आणि ओळ न ओळ वाचा.

वाचताना कुठे बघायचं ते सांगतो, कारण चुका ठरावीक जागीच होतात.

जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार अक्षराच्या नंतर टाइप होई. युनिकोडमध्ये दोन्ही उलट. साधन कच्चं असेल तर “दुर्ग”चं “दुगर्” होतं. गडांच्या साइटवर हा शब्द पानापानावर असतो, तेव्हा तो पहिला शोधा.

ण, श, ग यांसारखी उभ्या दांड्याची अक्षरं त्या फॉन्टमध्ये अर्धं अक्षर आणि दांडा अशा दोन तुकड्यांत असत. दांड्यावर मात्रा आली की साधन त्याचा काना-मात्रा करून टाकतं: “गणेश”चं “गण्ोश”, “शेवटी”चं “श्ोवटी”. हे एका शोधात सापडतं. हलन्ताच्या लगेच मागे मात्रा कधीच येत नाही, म्हणून हलन्त आणि त्यानंतर कोणतीही मात्रा असा शोध लावा. जिथे सापडेल तिथे चूक आहे, अपवाद नाही.

आता माझ्या दृष्टीने सर्वात नाजूक जागा: अर्धा र. “पायऱ्या”, “कुऱ्हाड”, “गोऱ्हे”, “कऱ्हा”, “कऱ्हाड”. हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेली साधनं हा आडवा र ओळखत नाहीत आणि त्याचा रफार करतात. “पायऱ्या” चुकल्या तर वाचणाऱ्याला कळतं. पण “गडाखालच्या दऱ्या” चं “गडाखालच्या दर्या” झालं, तर शब्द दोन्ही खरे. शुद्धलेखन तपासणारं साधन काहीच बोलत नाही आणि सह्याद्रीतल्या गोष्टीत समुद्र शिरतो. परशुरामाने समुद्र मागे हटवून कोकण वसवल्याची कथा त्याच साइटवर असेल, तर कुठला दर्या खरा आणि कुठला चुकीचा हे माणसानेच वाचून ठरवायला हवं.

शिवाय युनिकोडमध्ये हा र दोन तऱ्हांनी लिहिला गेलाय. एक, खालती नुक्ता असलेला ऱ आणि हलन्त. दुसरी, साधा र, हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखे, शोधयंत्राला वेगळे. त्यात “नको असलेली अदृश्य चिन्हं काढा” अशी सोय देणारी साधनं ते जोडचिन्हच पुसतात आणि पुन्हा रफार होतो. म्हणून सगळा मजकूर पहिल्या पद्धतीवर आणा, आणि ते झाल्याशिवाय कुठलीही साफसफाई चालवू नका.

“ॲ” चंही असंच. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधीच्या मजकुरात अ वर चंद्र देऊन काम भागवलेलं आहे. शोध नीट चालायला तेही एकसारखं करून घ्या.

मी प्रत्येक साइटसाठी तपासायच्या शब्दांची एक यादी करतो: दुर्ग, तीर्थ, मूर्ती, पायऱ्या, दऱ्या, वेताळ, वीरगळ, हिरकणी, क्षेत्र, ज्ञानेश्वर, श्री, आणि त्या परिसरातल्या गावांची नावं. गावांची नावं यंत्र कधीच सुधारून देत नाही. त्या तालुक्यातल्या माणसाला पानं वाचायला द्या. संगणक येत नसला तरी चालेल, छापून द्या.

जुन्या लिंक

मजकूर परत आला, तरी पानांचे पत्ते बदलले तर इतरांनी पूर्वी दिलेल्या लिंक तुटतात. शक्य तिथे जुने पत्ते तसेच ठेवा, नाहीतर जुन्यावरून नव्यावर कायमचं वळण (रिडायरेक्ट) द्या.

वर्डप्रेसमध्ये एक खास अडचण येते. पत्त्यासाठी २०० चिन्हांची जागा असते आणि देवनागरीचं एक अक्षर, मात्रा धरून प्रत्येक घटक, पत्त्यात नऊ चिन्हं खातो. म्हणजे बावीस घटक झाले की पत्ता कापला जातो. “रायगडावरील हिरकणी बुरुजाची कथा” आणि “रायगडावरील हिरकणी बुरुजाचे स्थान” यांचे पत्ते मग एकच होतात आणि दुसऱ्यामागे दोनचा आकडा लागतो. नव्या साइटवर आयात करताना लेखांचा क्रम बदलला तर हे आकडे एकमेकांत अदलाबदल होतात. तपासून घ्या.

नकाशे आणि आवाज

गूगल नकाशा राखाडी पडून त्यावर इंग्रजी मजकूर उमटत असेल, तर कारण २०१८ मधला नियमबदल. तेव्हापासून गूगलची चावी (एपीआय की) आणि बिलिंग खातं लागतं. छोट्या साइटला ओपनस्ट्रीटमॅप पुरतो. फ्लॅशमध्ये केलेले नकाशे डिसेंबर २०२० नंतर बंद झाले. रफल हे फुकट साधन त्यातले पुष्कळ पुन्हा चालवून दाखवतं. निदान चालतात तोवर त्यांची चित्रं काढून ठेवा.

जात्यावरच्या ओव्या, गोंधळ्यांची गाणी, वाघ्या-मुरळीचं जागरण यांची ध्वनिमुद्रणं त्या काळी रिअलमीडिया या जुन्या फाइल-प्रकारात ठेवलेली असत. व्हीएलसी या प्लेअरमध्ये ती बहुतेक वेळा वाजतात. एमपी३ प्रत साइटवर लावा, पण मूळ फाइल फेकू नका.

साइटमध्ये कुणी घुसलंय का?

शोधयंत्रात फक्त तुमच्या डोमेनपुरता शोध लावून बघा. तुम्ही न लिहिलेली पानं दिसली तर साइट दूषित आहे. अशा साइटची फायलींसकट दुरुस्ती करत बसू नका, एक फाइल साफ केली की दुसरीतून ते पुन्हा उगवतं. डेटाबेसमधून मजकूर आणि फोल्डरमधून चित्रं घ्या, बाकी सगळं नव्याने बसवा. चित्रांच्या फोल्डरमध्ये पीएचपी फाइल दिसली तर ती घुसखोराचीच समजा. सगळे पासवर्ड बदला.

पुन्हा खुली करण्याआधी मजकुरावर एक नजर

जुन्या साइटवर इतिहास आणि दंतकथा एकाच दमात सांगितलेल्या असतात. काढून काहीच टाकू नका. फक्त प्रत्येक गोष्टीवर ती काय आहे ते लिहा. उदाहरणार्थ, फेब्रुवारी १६७० मध्ये तानाजी मालुसरे पडले आणि कोंढाणा घेतला गेला, ही इतिहासातली घटना. घोरपड लावून कडा चढल्याची गोष्ट लोकपरंपरेतली. त्या रात्रीनंतर गडाला सिंहगड नाव पडलं, हीही परंपरेचीच गोष्ट, कारण हे नाव आधीच्या पत्रव्यवहारातही येतं. तिन्ही साइटवर असाव्यात, आणि तिसरीचं मोल इतिहास म्हणून नसलं तरी लोकांनी तो प्रसंग कसा मनात ठेवला याचा पुरावा म्हणून आहेच.

पाहुण्यांच्या वहीतल्या (गेस्टबुकमधल्या) नोंदी फालतू समजून गाळू नका. “आमच्याकडे ही गोष्ट अशी सांगतात” असं कुणी पाच ओळींत लिहिलेला पाठभेद इतर कुठेही मिळणार नाही. त्यातले फोन नंबर आणि घरचे पत्ते तेवढे झाका.

गुप्तधनाच्या कथा आणि एकाकी ठिकाणचे वीरगळ, मूर्ती यांच्या पानांवरून नकाशातली नेमकी जागा काढा, गावाचं नाव पुरे. अशी माहिती वाचून खणायला जाणारे लोक असतात आणि मूर्ती चोरीला जातात. हे मी फार कळकळीने सांगतोय.

पुस्तकांतून उतरवलेले लांब उतारे सापडले तर लेखकाचं निधन कधी झालं ते बघा. भारतात लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क असतो. तो चालू असेल तर वारसांची परवानगी घ्या.

कुठे थांबायचं

पुढच्यापैकी काहीही असेल तर स्वतः पुढे जाऊ नका आणि जाणकाराला बोलवा: हार्ड डिस्क आवाज करते, प्रश्नचिन्हं आहेत आणि एकच निर्यात हाती आहे, अक्षरांचं दुहेरी रूपांतर झालेलं दिसतंय, निर्यात अर्ध्यावर तुटते, साफ करूनही दूषित पानं परत येतात, होस्टिंगवाला तुमच्याकडे मालकीचा पुरावा मागतो आणि घरात त्यावरून वाद आहे. यातल्या शेवटच्यासाठी आधी वकील, मग तंत्रज्ञ.

जाणकाराला देताना मूळ प्रत देऊ नका, तिची नक्कल द्या. काय दिसत होतं, कधीपासून, आणि तुम्ही काय काय करून पाहिलं, हे लिहून द्या, त्याचे तास आणि तुमचे पैसे वाचतील. तपासायच्या शब्दांची यादी बरोबर द्या. पूर्ण पैसे देण्याआधी त्या यादीतला प्रत्येक शब्द तुम्ही स्वतः साइटवर शोधून बघा. आणि काम झालं की पूर्ण निर्यात तुमच्या हाती मिळेल, हे सुरुवातीलाच लेखी ठरवा.

साइट खुली झाली की त्याच दिवशी वेबॅक मशीनवर जाऊन प्रत्येक पानाची नवी प्रत जतन करायला सांगा. एक प्रत गावच्या वाचनालयाला द्या, एक संस्थेतल्या दुसऱ्या माणसाला. डोमेनच्या मुदतीची तारीखही दोघांच्या कॅलेंडरवर टाकून ठेवा.